पायाचे हाड आणि जर्मनीतला जबडा

निपाणीजवळच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एक वाद पेटला आहे, आणि त्यात माझी साक्ष काढली जात असल्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. गावातल्या एका तात्यांच्या खालच्या हिरडीला कर्करोग झाला असून तो जबड्याच्या हाडात उतरला आहे. तेवढा जबडा काढून त्या जागी पायाचे हाड बसवावे लागेल, असे शल्यचिकित्सकांनी सांगितल्यापासून गटात दोन तट पडले आहेत. एक तट कुठलीशी चित्रफीत दाखवून म्हणतो, ‘तिकडं जर्मनीत जबडा उगवत्यात, आन् आमच्याकडं अजून तंगडीचं हाड तोंडात घालत्यात.’ दुसरा तट सुश्रुताचे नाव घेऊन सांगतो की शस्त्रक्रिया जगाला आपणच शिकवली, तेव्हा जर्मनीचे कौतुक पुरे, आधी एखाद्या वैद्याला दाखवू. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन्ही तट तात्यांना सल्ला मात्र एकच देत आहेत: थांबा.

मी जर्मनीतल्या टुटलिंगनला राहतो आणि माझे पोट याच कामावर चालते. रुग्णाच्या जबड्याचा आणि पायाचा सीटी स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून, पायाचे हाड कुठे आणि कोणत्या कोनात कापले म्हणजे ते हनुवटीच्या वळणावर बसेल, हे शल्यचिकित्सकांबरोबर ठरवायचे आणि त्यानुसार प्लास्टिकचा साचा छापून द्यायचा, हे माझे काम. साच्याला करवतीचे पाते जाईल एवढीच खाच असते. पाते तिरके जाऊ म्हटले तरी जात नाही. हे जबडे जर्मन माणसांचे असतात, आणि हाडही जर्मन तंगडीचेच असते. उगवलेला जबडा माझ्या पडद्यावर अजून आलेला नाही.

पायाचे हाड म्हणजे मागासलेपणा, हा समज कुठून आला कोण जाणे. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेले फिब्युला हे बारीक हाड शरीराचा भार फारसा पेलत नाही. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा काही सेंटिमीटरचा भाग राखून मधले हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलता येते, त्याचे तुकडे पाडून जबड्याचा आकार देता येतो, आणि दोन-अडीच मिलिमीटरची ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवता येते. ऑस्ट्रेलियात टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड असे हलवण्याची पद्धत मांडली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी त्याचा जबडा केला. तेव्हापासून जबड्यासाठी याहून भरवशाचे काही निघालेले नाही, कारण हे हाड जिवंत येते आणि आपले रक्त बरोबर घेऊन येते.

आता त्या चित्रफितीबद्दल. तिचे मूळ बहुधा जर्मनीतल्याच कील शहरातल्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग खराच झाला होता. कर्करोगामुळे काही वर्षांपूर्वीच जबडा गमावलेल्या एका माणसासाठी वार्नके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियमच्या जाळीचा साचा केला, त्यात गाईच्या हाडापासून केलेल्या खनिजाचे ठोकळे (हे सुश्रुताच्या तटाला अजून कळलेले दिसत नाही), हाड वाढवणारे बीएमपी-७ हे प्रथिन आणि रुग्णाचाच अस्थिमगज भरला, आणि तो सात आठवडे त्याच्याच पाठीच्या स्नायूत पुरून ठेवला. म्हणजे जबडा उगवला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर माणसाच्या पाठीत. कारण रक्त तिथेच मिळते. नंतर तो तोंडात बसवला आणि रुग्णाने पाव आणि सॉसेज खाल्ले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर गाजले. पुढे सव्वा वर्षाच्या आसपास तो रुग्ण हृदय बंद पडून गेला. आज वीस वर्षे उलटली तरी ही पद्धत खुद्द जर्मनीत नित्याची झालेली नाही.

ती का झाली नाही, हे गटावर कोणी विचारत नाही. पेशी केशवाहिनीपासून, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनीपासून, एक-दोन दशांश मिलिमीटर दूर गेली की तिला प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे जाड हाडाचा सांगाडा बाहेर कितीही सुबक बनवला तरी आत रक्त खेळेपर्यंत तो मेलेलाच असतो. तात्यांसारख्यांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागण्याची शक्यता मोठी, आणि किरणांनी भाजलेल्या जागी रक्तपुरवठा आणखी आटतो. शिवाय पेशींना वाढायला सांगणारे प्रथिन जिथून गाठ काढली तिथेच ठेवायचे का, हा प्रश्न उरतोच; बीएमपी-२ हे याच जातीचे प्रथिन बाजारात आहे, त्याच्या वापरसूचनेत गाठीच्या परिसरात ते वापरू नये असे स्पष्ट लिहिलेले असते.

या शास्त्राला मी कमी लेखत नाही. आमच्यापासून फार दूर नसलेल्या, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये त्वचेचा कर्करोग काढलेल्या पाच रुग्णांच्या नाकपुडीसाठी त्यांच्याच नाकाच्या पडद्यातल्या पेशींपासून कूर्चा (नाका-कानातले लवचीक मऊ हाड) वाढवून बसवली गेली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले ते निष्कर्ष चांगले होते. पण कूर्चा पातळ असते आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते साधले. याउलट स्टॉकहोममध्ये माक्कियारिनी या शल्यचिकित्सकाने प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर मूलपेशी (स्टेम सेल) लावून ती माणसांत बसवली. ते रुग्ण दगावले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्कियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. तेव्हा परदेशात झाले म्हणजे सिद्ध झाले, हे कृपया माझ्या नावावर खपवू नये. मधेच कोणी एका ‘स्टेम सेल’ केंद्राची जाहिरातही गटावर टाकली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे रक्ताचे ठरावीक आजार वगळता असे उपचार मान्य चाचणीबाहेर विकू देत नाहीत.

इथल्या सहकाऱ्यांना मी सांगतो की तोंडाचा कर्करोग भारतातले आमचे शल्यचिकित्सक ज्या संख्येने पाहतात ती तुम्हाला स्वप्नातही दिसणार नाही. ते आदराने मान डोलावतात आणि मी फुशारतो. हा अभिमान कशाचा, हे मला ठाऊक आहे. आमच्या शेतात तंबाखू होती, माझ्या शिक्षणाची फी तंबाखूने भरली, आणि घरातल्या बायका मशेरी लावूनच दिवस सुरू करत. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी घातली, आणि तो दोन्हीकडे मिळतो. एवढ्या एका बाबतीत या दोन राज्यांचे एकमत आहे.

एरवी नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली, आणि आता तात्यांची फाइल कोणत्या राज्याच्या कार्डावर न्यायची यावरही गटात अस्मितेचे भाषण होते. माझ्या क्रांकेनकासेच्या, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याच्या, कार्डावर माझी मातृभाषा लिहिलेली नाही, असे मी तिथे मोठ्या तोऱ्यात लिहिले. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला इथे काही महिने लागतात, हे लिहिले नाही. खरे सांगायचे तर इथे मला कुठला म्हणून विचारले की ‘इंडिया’ एवढ्यावर भागते. सीमाप्रश्न, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, काळा दिन यांतले काही सांगावे लागत नाही. त्याचे सुख वाटते आणि थोडा रागही येतो. गटावर मात्र मी ‘आपला जर्मनीवाला’ असतो, आणि तात्यांचा मुलगा रात्री उशिरा फोन करून ‘दादा, तू म्हणशील तसं’ म्हणतो, तेव्हा मी अजून गावचा आहे असे मला वाटते. इतक्या लांबून मिळणारा तो मान मला हवासा आहे, म्हणूनच हे नीट लिहून काढले.

तर त्याने डॉक्टरांना विचारायचे ते असे: पायातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली का, त्या चांगल्या नसतील तर छातीच्या स्नायूचा फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट हलवलेला तुकडा) करणार का, पहिल्या रात्री फ्लॅपचा रंग दर तासाला कोण पाहणार, किरणोपचार लागलेच तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू होतील का, आणि गिळायला-बोलायला शिकवणारे कोणी आहे का. मिरजेला तारीख आधी मिळाली तर मिरजेला जा, बेळगावला मिळाली तर बेळगावला.