कन्व्हर्टर, सारस आणि मे महिन्यातला तो फोटो

भाऊ, टेलिकन्व्हर्टरवरच्या (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायची, लांबचं मोठं दाखवणारी जोडकाच) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेलिकन्व्हर्टर म्हणजे चांगल्या लेन्सच्या गळ्यात बांधलेलं लोढणं, त्यापेक्षा फोटो क्रॉप करावा (कडा कापून मधला भाग मोठा करावा) नाहीतर सरळ ६०० मिमीची लेन्स घ्यावी, आणि मी नवीन पोरांना खर्चात पाडतोय. पुरावा म्हणून तुम्ही माझाच सारस क्रौंचाचा फोटो दाखवलात, ज्यात पक्ष्याच्या पायांच्या लाटा झाल्यात.

तो फोटो वाईटच आहे, टाकायलाच नको होता. पण त्यात काचेचा दोष नाही. मे महिना, सकाळचे साडेदहा, मधे कोरड्या पडलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर चढते आणि प्रकाश वाकवत राहते. त्या दिवशी कन्व्हर्टर काढूनही चार फोटो घेतले होते. तेही तसेच, फक्त पक्षी लहान. तुमची ६०० असती तर तिनेही त्याच लाटा टिपल्या असत्या, जरा महागात! उन्हाळ्यात आपल्याकडे आठनंतर लांबचा फोटो काढूच नये.

आता क्रॉपचं. माझी लेन्स ३०० मिमी, एफ/४ (एफचा आकडा वाढला की आत येणारा उजेड कमी). १.४ चा कन्व्हर्टर लावला की ती ४२० एफ/५.६ होते, म्हणजे एक स्टॉप, निम्मा उजेड गेला, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ४०० चा ८०० झाला. हे मान्य. पण तेवढीच चौकट क्रॉप करून काढली तर २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात. ट्रायपॉडवरून दोन्ही करून पाहिलं. एफ/८ वर कन्व्हर्टरच्या फोटोत मानेवरच्या लाल कातडीचा खरखरीतपणा दिसतो, क्रॉपमध्ये नुसता लाल पट्टा. २ चा कन्व्हर्टर मात्र माझ्या जुन्या डीएसएलआरवर जमला नाही. एफ/८ झालं की तिचा ऑटोफोकस हात टेकतो. तिथे तुमचं खरं.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट झूमवाल्यांनी यात पडू नये, हेही तुमचं बरोबर. बऱ्याच झूमवर तो बसतच नाही, मागची काच आपटते. लेन्सच्या पुढे स्क्रूने चढवायचे स्वस्त डबे तर विचारूच नका. पण सगळ्यांनाच लोढणं म्हणाल, तर कॅननने २०१३ मध्ये आपल्या २००-४०० च्या लेन्समध्ये आणि निकॉनने २०२२ मध्ये ४०० व ६०० च्या लेन्समध्ये १.४ चा कन्व्हर्टर आतच बसवून का दिला असेल?

कन्व्हर्टर वापरायचं खरं कारण मी मूळ लेखात नीट लिहिलं नाही, ही माझी चूक. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदियाकडे, आणि पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच गवत-काड्यांचा ढीग रचून अंडी घालतात, बहुधा दोनच. दोन वर्षांमागे असंच एक घरटं होतं. ज्यांची बांधी, त्या काकांनी मला धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच थांबवलं, "बाबू, याच्या पुढं जाऊ नोको, थे उठन." मी एक पाऊल टाकून पाहिलंच. मादीने मान ताठ केली, लांबून नराने तुतारीसारखी हाक दिली. मी मागे आलो. ती उठून गेली की अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. अशा वेळी पायांनी मिळवायचं अंतर काचेने मिळवावं लागतं. जिथे चालत जवळ जाता येतं, तिथे कन्व्हर्टर पिशवीतच राहू द्यावा.

एक फायदा तर तुम्ही आणि मी दोघंही विसरलो. कन्व्हर्टर लावला तरी फोकसचं किमान अंतर बदलत नाही. माझी लेन्स दीड मीटरवरून फोकस धरते, कन्व्हर्टरसकट तेवढ्यावरूनच. लोंबीवर बसलेला चतुर उडवून न लावता पंखांच्या जाळीसकट मिळतो. त्यासाठी मी वेगळी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घेतली नाही.

६०० एफ/४ ची लेन्स कोणाला नको, भाऊ? पण तीन किलोच्या वरचं ते ओझं आणि जमिनीच्या तुकड्याएवढी किंमत घेऊन मी चिखलात धुऱ्यावरून चालणार नाही. दोन्ही मूळ फाइली, क्रॉपची आणि कन्व्हर्टरची, आज रात्री लेखाखाली जोडतो. कोणती कोणाची हे सांगणार नाही. तुम्ही ओळखा. आणि हिवाळ्यात नवेगावबांधकडे आलात तर तुमची ६०० घेऊन या, तलावाच्या पाळीपर्यंत मी उचलतो.