चौथी बाटली

आज दुपारी लोकमान्य नगरच्या एक काकू आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर आल्या. वय अडुसष्ट. खोकल्याच्या औषधाची चौथी बाटली हवी होती. ‘तीच दे बाळा, लालवाली,’ एवढं म्हणेपर्यंत त्यांना उबळ आली. कोरडी, घशात पीस अडकल्यासारखी, कफाचा टिपूस नाही. बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर पर्समधून प्लास्टिकची थैली काढली. आत कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे. एका तुकड्यावर नावाचं शेपूट तेवढं उरलं होतं, ‘प्रिल 5 मि.ग्रॅ.’

तेवढं शेपूट पुरेसं होतं. आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, ही सगळी एका घराण्यातली बीपीची औषधं. शरीरातलं एक एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करतं. या गोळ्या त्या एन्झाइमला अडवतात, वाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. पण त्याच एन्झाइमकडे आणखी एक काम असतं, ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडून टाकायचं. ते मोडलं गेलं नाही की श्वासनलिकेत साचतं आणि खोकल्याच्या मज्जातंतूंना डिवचत राहतं. साधारण दहातल्या एकाला हा खोकला होतो. बायकांना जास्त, आपल्या आशियाई लोकांना जास्त. कुणाला पहिल्या डोसनंतर काही तासांत, कुणाला काही महिन्यांनी. उशिरा आला की गोळीवर संशय जातच नाही.

काकूंची गोळी श्रावणात सुरू झाली, खोकला अनंत चतुर्दशीला. रात्रभर झांक्या बघत जागल्या, हवा लागली, असं घरात ठरलं. तिथून संक्रांत होऊन गेली. दही बंद, लोणचं बंद. एक्स-रे स्वच्छ, टीबीची तपासणी स्वच्छ. अ‍ॅलर्जीची गोळी महिनाभर, मग अ‍ॅसिडिटीची, मग बाटल्या. पाच महिन्यांत एकानेही विचारलं नाही की खोकल्याच्या आधी नवीन काय सुरू झालं होतं.

हो, प्रत्येक खोकला गोळीचा नसतो, आणि दोन आठवड्यांच्या वर टिकला तर टीबी तपासायलाच हवा. मान्य. पण ते सगळं स्वच्छ आल्यावर तरी थैली उघडायची!

आता त्या लाल बाटलीत काय असतं ते बघा. अशा बाटल्यांच्या लेबलवर बहुधा तीन नावं सापडतील. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला दाबतं, पण ब्रॅडिकायनिनचा खोकला त्याला फारसा दाद देत नाही. क्लोरफेनिरामिनने झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि या वयात रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. तिसरं फिनाइलएफ्रिन. ते नाक मोकळं करायला घालतात, रक्तवाहिन्या आवळून. पोटातून घेतलं की नाकाला फारसा उपयोग होत नाही. म्हणजे ज्या बाईच्या वाहिन्या सैल करायला सकाळी गोळी दिली, तिच्याच वाहिन्या आवळायला दिवसातून तीनदा दोन चमचे. वर काकूंना डायबिटीस असताना सिरपातली साखर. मग बीपी चढलेलं दिसतं, मग गोळी वाढते. काकूंची श्रावणात 2.5 ची होती, आता 5 ची आहे. एका औषधाचा त्रास नवा आजार समजायचा आणि त्याच्यावर दुसरं औषध घालायचं, ही साखळी घराघरात चालू आहे.

अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीचंही तसंच. त्याने घोट्यांवर सूज येते, 10 मि.ग्रॅ.ला जास्त. लहान धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, म्हणून केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात जास्तीचं पाणी साठलेलं नसतंच, तरी सूज दिसली की लघवीची गोळी देतात. सूज फारशी हलत नाही, सोडियम-पोटॅशियम मात्र उतरतं आणि माणूस गळून जातो. डोस कमी करणं किंवा जोडीला ‘सार्टन’ गटातली (टेल्मिसार्टन, लोसार्टन) बीपीची गोळी देणं, सूज त्याने उतरते.

काकू मग काउंटरवर जरा वाकून हळूच म्हणाल्या, ‘उबळ आली की कपडे ओले होतात गं. म्हणून लग्नकार्याला जाणं सोडलं. सुनेला कसं सांगायचं?’

पाच महिने. आपल्यापैकी कुणाला आपल्या आईचं असं झालेलं चालेल का?

डॉक्टरांकडे गर्दी असते, एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात, हेही मान्य. पण आपल्या गोळ्या कोणत्या तारखेला सुरू झाल्या हे घरच्यांना सांगता यायला किती वेळ लागतो?

आणि आता गोळ्यांची भीती घालणाऱ्या लोकांसाठी, कारण त्यांचा राग जास्त येतोय. मध्यंतरी कुणीतरी काकूंना मोबाइलवर आलेलं काहीतरी वाचून दाखवलं, इंग्रजी गोळ्या किडन्या खातात म्हणून. काकूंनी आठ दिवस गोळी बंद केली. बीपी 178/104. खोकला थांबला नाहीच, कारण गोळी सुटल्यावर तो जायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. म्हणून घरच्यांनी निष्कर्ष काढला की खोकला गोळीचा नव्हेच, आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

ज्या किडनीची भीती घातली, तिच्यासाठीच ती गोळी होती. काकूंना बारा वर्षं डायबिटीस आहे, लघवीतून प्रथिन जातंय. ‘प्रिल’ किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतं आणि ती गळती कमी करतं. डॉक्टरांनी विचार करूनच दिली होती. सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वर जातं, 30 टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, पण एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून बघायचं असतं. ‘लो सोडियम’ मीठ या गोळीबरोबर विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर वाट बघायची नाही, गोळी थांबवून थेट इमर्जन्सी. गरोदरपणी ही गोळी नाहीच.

डोस कमी करून हा खोकला बहुधा जात नाही, एक ‘प्रिल’ बदलून दुसरं दिलं तरी नाही. घराणं बदलावं लागतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन पुढच्या पायरीवर काम करतात, ब्रॅडिकायनिनला हात लावत नाहीत, किडनीचा फायदा तसाच राहतो. पण हा बदल केमिस्टने करायचा नसतो, पेशंटने तर नाहीच. काकूंच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, टेल्मिसार्टन 40 सांगितलं, चिठ्ठी पाठवली. दोन मिनिटं लागली.

थोडं शांत झाल्यावर या खोकल्याबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. पक्षाघातानंतर काही म्हाताऱ्या माणसांचा ठसका मंदावतो. अन्नाचे कण, लाळ गुपचूप श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. अशा पेशंटांत, विशेषतः आशियाई लोकांत, ‘प्रिल’ घेणाऱ्यांना न्यूमोनिया कमी होतो असं अभ्यासांत दिसलंय. एकाची झोप उडवणारा ठसका दुसऱ्याची छाती वाचवतो. गोळी तीच, रसायन तेच. या घराण्याची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरच्या संशोधनातून निघाली आणि 1981 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

अशी कितीतरी. मिनॉक्सिडिल बीपीसाठी आलं, अंगभर केस उगवले, आता टकलावर लावतात. लघवीची थायझाइड गोळी लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करते, म्हणून कॅल्शियमचे मुतखडे पुन्हा पुन्हा होणाऱ्याला ती चांगली. पण तीच यूरिक अ‍ॅसिड वाढवते, म्हणून गाउटवाल्याला, ज्याचे सांधे त्यानेच सुजतात, त्याला त्रासाची. लोसार्टन यूरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं. एकाच घरात दोन भावांना बीपी असेल, एकाला खडे, एकाला गाउट, तर दोघांची गोळी वेगळी निघू शकते. म्हणून भावाची गोळी उचलून घ्यायची नसते.

डायबिटीसचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होतं, आपल्या शाकाहारी घरांत आणखीच. तळपायाला मुंग्या येतात, ‘शुगरच्या नसा’ म्हणून सोडून देतात. रक्तातलं बी-12 एकदा तपासा, कमी सापडलं तर भरून काढता येतं.

डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. साखर लघवीवाटे बाहेर काढणारी ही गोळी डायबिटीससाठी आली आणि कमजोर हृदयाला, किडनीलाही फायद्याची निघाली. फार मोठा फायदा आहे. पण लघवीत साखर म्हणजे जननेंद्रियाजवळ बुरशी, खाज, तेव्हा स्वच्छता आणि लाज न धरता सांगणं. दुसरं म्हणजे उपास. निर्जळी एकादशी, उलट्या-जुलाब, ऑपरेशन, अशा वेळी पोट रिकामं असताना ही गोळी चालू राहिली तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि मीटरवर साखर फार वाढलेली दिसतच नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं, ही त्याची लक्षणं. ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस ती थांबवतात. चातुर्मासाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

स्ट्रिप कापून घेताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. नवा त्रास सुरू झाला की आधीच्या सहा महिन्यांत काय सुरू झालं, कशाचा डोस बदलला ते लिहून न्या, आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून आपणच घेतलेल्या गोळ्यांसकट. औषधाच्या त्रासाची नोंद पेशंटही करू शकतो, 1800-180-3024 वर फोन फुकट लागतो.

काकूंना कॅलेंडरवर आजच्या तारखेला ‘प्रिल बंद, टेल्मि सुरू’ लिहायला सांगितलंय, आणि दोन आठवड्यांवर रक्ततपासणीची खूण. महिनाभर खोकला राहू शकतो, घाबरू नका, गोळी सोडू नका, हे दोनदा सांगितलं. लघवीचं डॉक्टरांना सांगायचं कबूल केलंय, सुनेलाही. चौथी बाटली दिली नाही.