बोट लागल्यावर गोळी? उशीर झाला!

मालवण-तारकर्लीला निघालेल्यांच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय: ‘उपाशीपोटी बोटीत बसा, मळमळलं की ऑन्डान्सेट्रॉनची गोळी जिभेवर ठेवा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ऑन्डान्सेट्रॉन केमोथेरपीनंतरच्या किंवा पोट बिघडल्यावरच्या उलट्यांवर चांगलं. बोट लागते ती कान आणि डोळे मेंदूला वेगवेगळं सांगतात म्हणून, आणि तिथे या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी औषधं असतात. तीही निघण्याआधी घ्यायची, प्रोमेथाझिन तर तास-दोन तास आधी. एकदा मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते (किंवा माशांना मिळते). या औषधांनी झोप येते, म्हणून त्यावर गाडी चालवायची नाही, दारू तर नाहीच. लहान मुलं, गरोदर बायका आणि काचबिंदू वा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

उपाशी पोटानेही मळमळ वाढते. दोन-चार बिस्किटं खाऊन निघा, वडापाव परतल्यावर. बोटीच्या मध्यावर बसा, मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर. आल्याची वडी चघळायला हरकत नाही. काहींना बरं वाटतं, पण खात्रीचा उपाय म्हणून ती पुढे पाठवू नका.