सोलापुरात, तेही पश्चिमेला काच!

बाळीवेशीजवळचं आमचं जुनं घर पाडायचं नाही, त्यालाच नवं करायचं, इथवर तिघा भावांचं जमलं. पुढं जुंपली. पहिल्या आर्किटेक्टनं लॅपटॉपवर चित्र दाखवलं : सगळं पांढरंशुभ्र आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. पुण्यातला धाकटा जाम खूश. मी विचारलं, "एप्रिलमध्ये दुपारी चारला इथं बसणार कोण?" तर म्हणे, एसी लावू की. म्हणजे ऊन आपणच घरात बोलवायचं आणि त्याला हाकलायला दर महिन्याला बिल भरायचं. इथं 42-43 डिग्रीची कुणी बातमीसुद्धा करत नाही हो.

आमच्या भिंती दीड हात जाड, दगड-मातीच्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दुपारचं ऊन त्यातून आत पोचेस्तोवर रात्र होते, आणि तोवर आम्ही वर गाद्या टाकलेल्या असतात. सवण्यातून, म्हणजे माळवदातल्या झरोक्यातून, उजेड येतो, गरम हवा निघून जाते.

पण जुन्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांशीही माझं पटत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेली माणसं किल्लारीच्या भूकंपात अशाच घरांखाली गेली. भिंतीला आतून-बाहेरून दगड, मध्ये माती-गोटे, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर मातीचं मणामणाचं ओझं. त्या रात्री सोलापूरही हललं होतं. आई अजून तुळयांकडं बघत झोपते.

म्हणून आमचा पैसा आधी तिथं गेला. माळवदावर थरावर थर चढलेली जादा माती उतरवली, भिंतीत लांब दगड घातले, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवला. यातलं काहीच फोटोत दिसत नाही! मग वायरिंग, आईसाठी न्हाणीत धरायला दांडे, आणि ढेळजेखाली, म्हणजे दारातल्या ओसरीखाली, पाण्याची मोठी टाकी, कारण आपला नळ किती दिवसांआड येतो हे सोलापूरकरांना काय सांगायचं.

गिलावा मात्र चुन्याचाच. मागं एका कंत्राटदारानं सिमेंट थापलं होतं; ओल आत कोंडली आणि तीन पावसाळ्यांत पापुद्रे हातात आले. चुना मळणारा गवंडी शोधण्यात दीड महिना गेला, ते वेगळंच.

किचन धाकट्याच्या मनासारखं केलं, ट्रॉल्या-बिल्या सगळं. काचही लागली. पश्चिमेला नाही, सवण्यावर, चारी बाजूंनी जाळी ठेवून वीतभर उचलून, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि हवा कोंडत नाही. धाकटा त्याला स्कायलाइट म्हणतो. म्हणू दे.