बूम लिफ्ट पाठवायचीय? दोरी आहे ना, मग झालं!

60 फुटी बूम लिफ्ट, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बास्केट लावून माणसाला उंचावर नेणारं मशीन, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पाठवणं म्हणजे फार तर भाजीची पाटी टेम्पोत टाकण्याइतकं काम. कोणाला शंका असेल तर त्याने परवा बोरघाट उतरून खालापूर टोलच्या रांगेत उभा असलेला ट्रेलर पाहायला हवा होता. वर साधारण 10 टनांचं मशीन. पिवळ्या नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे मागच्या चाकांना, तिसरा बास्केटच्या वरच्या रेलिंगला. बूम ज्यावर फिरतो त्या टर्नटेबलची लॉक पिन भोकात नव्हतीच, आपल्या चिमुकल्या साखळीला झुलत होती. ड्रायव्हर टायर लाथाडून हवा बघत होता. म्हणजे तपासणीही चालू होती बरं का.

हा आत्मविश्वास साऱ्या महाराष्ट्रात पसरावा म्हणून काही सल्ले. साइट इंजिनिअर, परचेसवाले, भाड्याने मशीन देणारे, सगळ्यांच्या कामाचे.

गाडी मागवताना मशीनचं माप सांगू नका. "एक बूम आहे, गाडी पाठवा" एवढं पुरे, पुढचं गाडीवाल्याला अंतर्ज्ञानाने कळतं. 60-65 फुटी सरळ बूम 10 टनांची, 80-85 फुटी 16-17 टनांची आणि 135 फुटी कोपरवाली 20 टनांच्या पुढे, पण फोनवर तिघींचं नाव एकच. वजन मशीनच्या प्लेटवर ठोकलेलं असतं हे खरं, पण त्यासाठी वाकावं लागतं. घडी केलेली 60 फुटी साधारण पावणेतीन मीटर उंच. साध्या ट्रकचा हौदा जमिनीपासून 1.4 मीटर. बेरीज 4.15. कायदा ट्रकला मालासकट 4 मीटर देतो. तेच मशीन लो-बेडवर, म्हणजे बुटक्या हौद्याच्या ट्रेलरवर, चढवलं तर 3.7 मीटरमध्ये बसतं, पण लो-बेडचं भाडं जास्त आणि परचेसला तीन कोटेशनमधलं सगळ्यात खालचं हवं असतं. वरचे 15 सेंटिमीटर क्लीनर सांभाळेल. तो बांबू घेऊन बास्केटमध्ये बसतो आणि गावातल्या वायरी उचलत येतो. एखादी केबलवाल्याची असते, एखादी महावितरणची. हात लावल्यावर कळतंच.

पकडलं तर? वजन जास्त असेल तर 20,000 रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला 2,000. माल मापाबाहेर गेला असेल तर त्याचे वेगळे 20,000. ते गाडीवाल्याच्या बोकांडी. तुम्ही फक्त फोन उचलू नका.

बॅटरीवरची सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या हातांवर सरळ वर जाणारी, पाठवताना बॅटऱ्या पूर्ण डिस्चार्ज करून पाठवा, म्हणजे ती पोचल्यावर ट्रकवरून खालीच येणार नाही आणि चोरीची भीती नाही.

चढवायला रॅम्प मागून कोणाला त्रास देऊ नका. जेसीबीवाला पाच मिनिटांत मातीचा ढीग करून देतो. ट्रक मागे टेकवा, फाळका पाडा, झाला रॅम्प. कोणी हौशी असेल तर 3 मीटरच्या दोन पट्ट्या आणतो. 1.4 मीटरच्या हौद्याला 3 मीटरची पट्टी लावली की चढ 25 अंशांच्या पुढे जातो. लहान सिझर चढते साधारण 25 टक्के चढ, म्हणजे 14 अंश. तेवढ्यात बसवायचं तर पट्टी पावणेसहा-सहा मीटरची हवी. 3 मीटरच्या पट्टीवर मशीन अर्ध्यावर थांबणार, पोट पट्टीच्या टोकावर टेकणार आणि टिल्टचा अलार्म केकाटणार. घाबरू नका. अलार्म त्याच्या सवयीने ओरडतो. अशा वेळी विंच लावण्याआधी ब्रेक रिलीज करा आणि चार जणांना मागून ढकलायला सांगा. मागून म्हणजे उताराच्या बाजूने. मशीन फक्त दीड टनाचं आहे.

बूम खेचून चढवली असेल तर हबच्या टोप्या उलट्या केलेल्या असतील, त्या तशाच राहू द्या. उलट्या टोपीने चाक गिअरबॉक्सपासून सुटतं, ब्रेकही गिअरबॉक्सच्या पलीकडेच राहतो, म्हणजे 10 टनांचं मशीन हौद्यावर हातगाडीसारखं मोकळं. घाटात त्यालाही जरा मोकळं वाटायला नको का?

आता हायड्रा, म्हणजे साइटवर माल उचलून फिरणारी क्रेन. आपल्याकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हायड्रा हेच असतं. 14 टनी हायड्रा, 10 टनी मशीन, गणित पहिलीतलं. ते 14 टन बूम पूर्ण आत घेऊन अगदी नाकासमोरच्या वजनाला असतात, हे फार खोलात जाणं झालं. मशीन अडीच मीटर रुंद, त्याचा मध्य बाजूपासून सव्वा मीटरवर, त्यात हायड्राच्या बंपरचं अंतर मिळवा. तिथवर क्षमता बरीच घसरलेली असते. किती, ते लोड चार्टवर लिहिलेलं असतं. लोड चार्ट केबिनमध्ये चिकटवलेला असतो. त्यावर देवाचा फोटो असतो. मागची चाकं उचलली गेली की दोन हेल्पर मागच्या बंपरवर उभे करा, काउंटरवेट म्हणून.

बेल्ट मारायचा तो बूमला, दुसरीकडे कुठे हात नीट पोचत नाही. उचलायचे चार पॉइंट मशीनवर असतात, शेजारी हुकाचं चित्र असतं, बालवाडीतल्या पोराला कळेल असं. त्यांना चार शॅकल, चार लेगची स्लिंग आणि वर स्प्रेडर लागतो, नाहीतर स्लिंग आत ओढली जाऊन फायबरची हुडं चिरडतात. एवढं सामान कोण जमवणार? बूमला वेढा मारा. बूमचा पत्रा पातळ आणि टणक असतो, त्याला खोक पडली की आतला सेक्शन सरकताना अडतो, पण ते कळतं पंधरा दिवसांनी, 18 मीटरवर, माणूस बास्केटमध्ये असताना. तोवर चलनावर सही झालेली असते आणि वाक्य तयार असतं : "आली तेव्हाच तशी होती."

ई-वे बिलात गाडीचा प्रकार भरताना "ओव्हर डायमेन्शनल" आहे की साधी हे डोळे मिटून ठरवा. साध्याला दिवसाला 200 किलोमीटर मिळतात, मोठ्या मापाच्या मालाला 20. गाडी ऐनवेळी बदलली तर पार्ट बी मधला नंबर जुनाच असू द्या, अधिकाऱ्यालाही काही काम हवं.

आणि आता बांधणं. मुख्य सल्ला असा, की ते तुमचं काम नाही. मशीन देणारा म्हणतो, गाडीवाला बांधेल. गाडीवाला म्हणतो, पार्टी बांधून देईल, आणि बिल्टीवर "ॲट ओनर्स रिस्क" छापलेलं असतंच. साइटवाला म्हणतो, आमच्या गेटबाहेर गेलं की आमचा संबंध संपला. उरतो क्लीनर, वय वर्षं अठरा-एकोणीस, जो याआधी सिमेंटच्या गोण्या आणि कांदा बांधत होता. कांदा बांधतात तसंच तो हे बांधतो. त्याचं काय चुकलं? त्याला दोरी दिली, त्याने दोरी बांधली.

गाडी करकचून ब्रेक मारते तेव्हा पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर धरून ठेवायचा असतो, बाजूला आणि मागे वजनाच्या निम्मा. 10 टनांना पुढे 8 टन. हे ओल्या, ऑइल सांडलेल्या लोखंडी हौद्यावर, जिथे रबरी टायरही साबणावर ठेवल्यासारखा असतो. दोरीचा 8 टनांशी काय संबंध? 10 मिलिमीटरची ग्रेड 80 ची चेन सरळ ओढीत 6.3 टन धरते, तिरकी बांधली की त्याहून कमी. म्हणून निदान चार चेन, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे, चारी कोपऱ्यांना, चासीवरच्या बांधायच्या पॉइंटला. पॉइंटजवळ चेनचं चित्र असतं. चाकाच्या रिममधून नाही, स्टिअरिंगच्या रॉडला नाही, सिझरच्या हातांना नाही, रेलिंगला तर नाहीच नाही. हवेचे टायर असतील तर खड्ड्यात मशीन उसळतं आणि चेन सैल पडते, म्हणून टायर जरा दबेपर्यंत ताणायची. मग 15-20 किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणायची, कारण पहिल्या पट्ट्यात ती सैल होतेच. चाकण चौकात गाडी अर्धा तास उभी असतेच की! उतरून एक हात मारायला काय झालं? चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे अडसर, लावायची. सुपरवायझरच्या तोंडात गुटखा चोवीस तास असतो, चाकाखाली एक लाकडी गुटका ठेवायला मात्र साइटवर लाकूड सापडत नाही.

बास्केट तर प्रत्येकाला खुंटीच दिसते. ती टर्नटेबलपासून सहा-सात मीटर लांब असते. तिच्याखाली लाकडी ठोकळा आणि खालच्या सपोर्टमधून एक रुंद बेल्ट, हलका ताणलेला, बस. तिला वरून चेन मारून रॅचेटला पाइप घालून ओढायचं नसतं. ओढलं की बास्केट फिरवणारा रोटेटर वाकतो, नवीन मशीनमधली वजन मोजणारी व्यवस्था बिघडते आणि साइटवर पोचल्यावर रिकामी बास्केट "ओव्हरलोड" म्हणून ओरडते. मग तुम्ही मेकॅनिकला रात्री दहाला फोन करता, की तुमचं मशीन खराब आहे. मशीन खराब नाही हो. चांगलं मशीन तुम्ही वाटेत खराब केलंत.

असो. सल्ल्यांकडे वळू. पावसाळ्यात कंट्रोल बॉक्सवर ताडपत्री घालू नका, जॉयस्टिकलाही आंघोळ लागते.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहा. मशीनची पॉलिसी सहसा साइटवरच्या नुकसानीची असते आणि वाटेतलं त्यात येत नाही, हे पान उलटल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा पान उलटू नका.

गाडी सकाळी दहाला पोचली तर संध्याकाळी पाचला गेट पास द्या. आधी ड्रायव्हरचं हेल्मेट, मग बूट, मग जॅकेट, मग पीयूसी, मग मशीनचं टीपीआय, म्हणजे त्रयस्थ तपासणीचं, सर्टिफिकेट आणि शेवटी इंडक्शन, म्हणजे सेफ्टीचा तास, जो घेणारा माणूस जेवायला गेलेला असतो. सहाला गेट बंद. वाराई, म्हणजे चढ-उताराची मजुरी, कोणाची यावर तासभर चर्चा, गाडी अडकल्याच्या हॉल्टिंगच्या पैशांचं नाव काढलं की "आमच्यात तशी पद्धत नाही". गंमत बघा, ड्रायव्हरच्या बुटांचे तळवे उलटे करून पाहणारा सेफ्टीवाला त्याच गाडीवरची दोरी पाहत नाही. परत जाताना तर अजिबातच नाही. जाणारं मशीन कोणाचं?

तुमचं आहे. चढवताना तुम्ही समोर होतात. टोलच्या त्या रांगेत ट्रेलरच्या मागे बंपरला बंपर लावून एक छोटी गाडी उभी होती, मागच्या सीटवर दोन पोरं पुढे बघून दात काढत होती, कारण त्यांना वर पिवळी दोरी आणि हलणारी बास्केट दिसत होती. पिन नसली की सगळे हिसके बूम फिरवणाऱ्या स्विंगच्या गिअरला बसतात. गिअरचा दात गेला तर वळणावर सहा-सात मीटरचा बूम गाडीबाहेर शेजारच्या लेनमध्ये येतो. दहा टन घेऊन घाट उतरायचा आणि बांधायला धोब्याची दोरी? लाज नाही वाटत? साडेतीन हजारांचं भाडं वाचवलं म्हणून मेल टाकता आणि चार चेन, त्या ताणायचे चार बाइंडर आणि दोन ठोकळे एकदा विकत घेऊन स्टोअरमध्ये ठेवता येत नाहीत? चेन गाडीवाला आणेल म्हणून वाट बघत बसायचं नसतं, त्या मशीनसोबत जायला हव्यात, चलनावर नग लिहून. मशीन देणाऱ्यांनो, तुमच्या डिस्पॅचच्या पोराला एकदा तरी प्लेट वाचायला शिकवा. साइटवाल्यांनो, गाडी गेटमधून सोडण्याआधी तुमच्यातल्या एकाने हौद्यावर चढायचं : किल्ली काढली का, हबच्या टोप्या सरळ आहेत का, बास्केटखाली ठोकळा आहे का, चारी चेन हाताने हलवून बघितल्या का. दहा मिनिटं लागतात. फोटो काढून ग्रुपवर टाकायला तुम्हाला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि पोचल्यावर स्विंगचं बटण दाबण्याआधी पिन काढायची, नाहीतर ती वाकते आणि मग कधीच भोकात जात नाही. तुमची बहुतेक तशीच वाकली असणार, म्हणूनच लटकत होती. नवी मागवा. आज. ती आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, शेठचा फोन आला तरी नाही.