व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला का?

एका लेखात म्हटलंय की ऑनलाइन कोर्सवर जास्त वेळ घालवणारी मुलं जास्त गुण मिळवतात. मला हे अर्धंच पटतं. आमच्या कॉलेजात मी एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या, कोर्सला बसलेल्या मुलांना मदत करते. तिथे 12 आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला असाइनमेंट असते, त्यातल्या सर्वोत्तम 8 धरून 25 गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात, त्यामुळे 25 पैकी 23-24 बऱ्याच जणांना पडतात. खरी परीक्षा त्या 75 मध्ये होते.

तिथे कोण तरतं? व्हिडिओ मध्येच थांबवून वहीत गणित सोडवून बघणारी मुलं. एक मुलगी सगळे व्हिडिओ दोनदा बघायची, तरी अडकली. मग तिला सांगितलं, व्हिडिओ बंद कर आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही. दोन आठवडे रडकुंडीला आली होती बिचारी, पण नंतर तिचं तिलाच कळायला लागलं कुठे अडतंय ते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच दाखवलं होतं: पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

आणि घरात एकच मोबाइल असलेल्या मुलांचं काय? त्यांचा लॉगिनचा वेळ कमीच दिसणार. त्यावरून त्यांना आळशी ठरवू नका, ही कळकळीची विनंती.