मिठाची वीट ठेवल्याने कुळागर वाचत नाही!

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला गुरांची मिठाची वीट ठेवा, मेरू (सांबर) आणि चितळं ती चाटून परत जातात, पिकाला तोंड लावत नाहीत आणि फॉरेस्टवालेही हेच करतात. कृपया असं करू नका.

झाडपाल्यात सोडियम कमी म्हणून हरणं मीठ शोधतात हे खरंच. पण मिठाने पोट भरत नाही ना, ती चाटून झाली की समोरची भाजी खाणारच, उलट आधी न येणारीही येतील, गवेसुद्धा. आणि आपल्याकडच्या पावसात वीट विरघळून मातीत मुरते, मग वीट काढली तरी जनावरं तीच खारट माती उकरत, चाटत राहतात. त्याच विटेला आपली गुरंही तोंड लावतात, म्हणजे लाळेतून लाळ्या-खुरकूत इकडून तिकडे जायला वाटच मोकळी. हे मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं.

वनखातं अभयारण्यात मीठ ठेवतं, ते जंगलाच्या आत, शेताच्या बांधावर नाही. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं, त्यामुळे विटेजवळ कोणी फासकी लावली तर तुमचीही चौकशी होऊ शकते. मेसेज पुढे पाठवला असेल त्यांनी हेही पाठवा.